उजवी बाही

१२ ऑक्टोबर २०२४, दसरा

ठरलं! उजवा हात गोंदवून घ्यायचा. खांद्यापासून मनगटापर्यंत, अख्खा. मोबाइलवर त्याला ‘फुल स्लीव्ह’ म्हणतात. आयुष्य पूर्ण बाह्यांत गेलं, आता ही कातडीचीच बाही शिवून घेते.

आज दत्तमंदिरात सोनं द्यायला गेलो होतो. ऑक्टोबरची ही उकाड्याची दुपार, बायका सगळ्या बिनबाह्यांच्या ब्लाउजांत, आणि मी मनगटाशी बटण लावलेली. आई दर दोन पायऱ्यांनी मागे वळून म्हणे, "बाही नीट कर, प्रणू." बाही नीटच होती. ती नेहमी नीटच असते.

कोड आहे मला. इथे लिहायला काय हरकत, कोण वाचतंय! उजव्या हातावर. चौथीत असताना कोपरावर तांदळाएवढा ठिपका आला, मग पसरत गेला. आता काही डाग तळहाताएवढे आहेत. मनगटाशी येऊन थांबलं, म्हणून शाळा, कॉलेज, रेल्वेतली नोकरी, सगळं बाहीच्या आत निभलं. रोग नाही, लागत नाही, दुखत नाही. मला माहीत आहे, आईला माहीत आहे, बाबांना माहीत आहे. तरी लपवतो.

अनुपमचं, म्हणजे माझ्या धाकट्या भावाचं, फेब्रुवारीत लग्न. त्याच्या लग्नात मला कोपरापर्यंतच्या बाहीचं ब्लाउज घालायचंय. बस, एवढंच मागणं. गोंदवलेला हात पाहून लोक म्हणतील, निर्लज्ज आहे. म्हणू देत! बिचारीपेक्षा निर्लज्ज बरी.

२० ऑक्टोबर

दिवसभर फोनवर चित्रं पाहिली. ड्रॅगन. वाघ. जपानी मासे. गुलाबात रुतलेली कवटी. रेल्वेच्या लेखा विभागातली चौतीस वर्षांची बाई, आणि हातावर ड्रॅगन! एकटीच हसत बसले. मग आई खोलीत आली तर फोन उशीखाली सारला, जसं काही वावगंच पाहत होते.

२६ ऑक्टोबर

सदर बाजारात मोनालीकडे गेले. शाळेत आम्ही एका बाकावर होतो. ती आता टॅटू काढते, नाव आहे तिचं. मराठी समजतं, पण तोंडातून हिंदीच येते. "अरे प्रणोती! तू? तेरेको क्या बनवाना है?"

चित्रं दाखवली. तिने फोन बाजूला ठेवला आणि म्हणाली, "हाथ दिखा."

तिथेच अडलं. डॉक्टर आणि घरचे सोडून कोणाला दाखवला नाहीये मी हा हात. बटण काढायला इतका वेळ लावला की ती उठून दार लावून आली. बाही वर केली तेव्हा माझी नजर जमिनीवर. ती बोटाने एकेका डागाच्या कडेवरून फिरत राहिली, खांद्यापासून खाली. आणि म्हणाली, "ये तो बना-बनाया नक्शा है, यार."

मला राग आला. नकाशा म्हणे! तिला म्हटलं, मला हे झाकायचंय, कौतुक नको.

तिने समजावलं. कातडीच्या रंगाची शाई इथे भरली तर ती काही दिवसांनी पिवळट पडते, आणखी विचित्र दिसते. झाकायचं तर गडदच लागेल, भरगच्च. आणि आधी कातडीच्या डॉक्टरची परवानगी, कारण सुई लागलेल्या जागी कोड नव्याने उठू शकतं. "बिना पर्ची के हाथ नहीं लगाऊँगी."

बाहेर पडताना बटण पुन्हा मनगटापर्यंत लावलं. ती बघत होती. लाज वाटली, आणि या खेपेला डागांची नाही, बटणाची.

९ नोव्हेंबर

डॉक्टर म्हणाले, डाग बरीच वर्षं स्थिर आहेत, तरी एकदम उडी नको. आधी एक ठिपका गोंदवा, दोन-तीन महिने पाहा. मोनालीने आज दंडाच्या आतल्या बाजूला टिकलीएवढा ठिपका काढला. काळा. मुंगी चावल्यासारखं झालं.

घरी येऊन आरशात पाहत होते तर आठवलं. या हातावरचं पहिलं रेखाटन आईचं. लहानपणी दर अमावस्येला ती बॉलपेनने प्रत्येक डागाभोवती रेघ ओढायची, पुढच्या अमावस्येला डाग रेघेच्या बाहेर गेला का ते बघायला. बावचीचं तेल चोळायची आणि सकाळच्या उन्हात बसवायची. दूध आणि मासे एका दिवशी नाही. आंबट नाही. तिला सगळं पाठ होतं, कोणा वैद्याकडे न जाता! डाग रेघेबाहेर गेलेला दिसला की पेनाचं टोपण लावायची आणि स्वयंपाकघरात निघून जायची. मी काहीतरी चूक केली असावी असंच मला वाटायचं.

२४ नोव्हेंबर

भेडाघाट. अनुपम, त्याची चिन्मयी, चिन्मयीची आई हेमलताकाकू आणि मी. काकूंचं घर रांझीला, काका तिथल्या कारखान्यात. माणसं सरळ. म्हणूनच तर जीव जातो!

आईने त्यांना पहिल्याच भेटीत सांगून ठेवलंय, "हिला उन्हाची ॲलर्जी आहे." आता काकू त्या ॲलर्जीची अशी काळजी घेतात की बघत राहावं. आज माझ्यासाठी छत्री आणली होती. नावेत सगळ्यांनी बाजूला सरकून मला सावलीत बसवलं. चिन्मयी अर्धी उन्हात बसून माझ्यावर छत्री धरून होती. "ताई, लागून तर नाही राहिलं ना ऊन?" नोव्हेंबरचं ऊन! मी म्हटलं, नाही गं, बरं वाटतंय. पाण्यात उडी मारावीशी वाटली.

नाववाल्याची शायरी चालूच होती. "दायें देखो, बायें देखो, ऐसा पत्थर कहाँ मिलेगा, काला पानी, गोरा पहाड़, फोटो खींचो तो दाम लगेगा!" सगळे हसले. मी उजवीकडे पाहिलं. नर्मदेचं काळंभोर पाणी, त्यातून वर आलेले पांढरे संगमरवरी खडक. कडा वेड्यावाकड्या. लहानपणापासून कितीदा आले इथे, पाहुणा आला की भेडाघाट. पण आज पाहिलं आणि उजवी बाही घट्ट धरली. या कडा मी रोज आंघोळीच्या वेळी पाहते.

२५ नोव्हेंबर

मोनालीला फोन. "नर्मदा काढ," म्हटलं. "खडक आणि पाणी."

ती ओरडलीच. "और पत्थर तो तेरे पास हैं ही!"

म्हणजे डाग तसेच ठेवायचे, मोकळे. भोवतीनं फक्त पाणी गोंदवायचं. मी म्हटलं, नाही. पाणी सगळीकडे. खडक बुडाले पाहिजेत.

८ डिसेंबर

आज माप घेतलं. हाताभोवती पारदर्शक प्लास्टिक गुंडाळलं, त्यावरून मोनालीने मार्करने डागांच्या कडा उतरवल्या, मग कात्रीने उभं कापून टेबलावर पसरलं. माझा हात, सपाट! काही बेटं मोठी, काही चिमुकली, दोन एकमेकांना टेकलेली. कोपर हे म्हणे सगळ्यात कटकटीचं, हात वाकवला की चित्र मोडतं. तिथे भोवरा काढायचा. दंडाच्या आत जास्त दुखेल, तिथे बारीक लाटा. वाहायचं कुठून कुठे? मी म्हटलं, खांद्यावरून खाली. मोनाली म्हणाली, "नर्मदा है, उल्टी ही बहेगी." बहुतेक नद्या पूर्वेला, ही पश्चिमेला; म्हणून मनगटावरून वर, खांद्याकडे.

मला आवडलं. पहिल्यांदा या हातावरचं काही आवडलं.

पण तिने खडक पुन्हा मोकळे ठेवले होते. मी पेन घेतलं आणि एकेक खडक पाण्याने भरून टाकला. "पक्का?" तिने विचारलं. पक्का.

२९ डिसेंबर

आज याद्यांची बैठक, आमच्याकडे. देणंघेणं काही नाही, ते दोन्हीकडून आधीच ठरलेलं. फक्त विधी कोणकोणते ते लिहायचं. हेमलताकाकू म्हणाल्या, वरमाईचे पाय मी धुणार. त्यांच्या आईची चांदीची झारी आहे त्यासाठी ठेवलेली. "एकच पोरगी आहे जी माझी. एवढी हौस करू द्या."

आई ताडकन म्हणाली, "आमच्यात नाही चालणार हे. मुलीच्या आईनं काहून वाकायचं कोणापुढे? कोणत्या जमान्यात राहून राहिलो आपण?"

सगळे चकित! माझी आई, जी एकादशीला वेलदोडासुद्धा विचारून खाते, ती हे बोलली. मला खरंच अभिमान वाटला. काकूंचा चेहरा पडला, पण काय बोलणार.

मग अनुपमने गंमत केली, "अहो काकू, आईच्या मोज्यांवर पाणी कसं ओतणार तुम्ही?" आम्ही सगळे खो-खो हसलो. आईचे ते अंगठ्याचे बदामी मोजे म्हणजे घरातली जुनीच थट्टा. मेमध्येही मोजे! आंघोळीहून निघते तीच मोजे घालून, टाचांना भेगा आहेत म्हणे. लोक पाया पडतात ते मोज्यांच्याच. आणि बाबा! भय्यासाहेब म्हणून अख्ख्या गोलबाजारात मान, घरात पाण्याचा पेला उचलत नाहीत, पण आईचे मोजे स्वतः धुतात आणि न्हाणीघरातच वाळत घालतात. आम्ही त्यावरही हसतो.

आई नाही हसली. आत जाऊन चहा टाकला.

१८ जानेवारी २०२५

ठिपका ठीक आहे. भोवती नवं पांढरं काही नाही. डॉक्टरांनी होकार दिला. पण मोनाली म्हणते, लग्नाआधी होणार नाही. चार-पाच बैठका, मध्ये मध्ये जखम भरायला दिवस. "मार्च में शुरू करेंगे." लग्न तर फेब्रुवारीत! रडू आलं. कोपराचं ब्लाउज शिंप्याकडून शिवूनही आलंय, मोरपंखी.

१९ जानेवारी

युक्ती सुचली. गोंदवण्याआधी ती कातडीवर खास मार्करने चित्र काढतेच. मग लग्नासाठी नुसतं तेवढंच काढू दे! टिकेल दोन-तीन दिवस.

मोनालीला पटत नव्हतं. "अगं, ते ट्रायलसाठी असतं." चक्क मराठीत बोलली, म्हणजे गंभीरपणे. मी हातापाया पडले.

१३ फेब्रुवारी

आज दिवसभर मोनालीकडे. हात टेबलावर, ती वाकलेली, मी बंद कूलरवर टाकलेल्या फडक्याकडे बघत. मनगटापासून लाटा चढत गेल्या. कोपरावर भोवरा. आणि खडक सगळे बुडाले, एकही दिसत नाही. वरून काहीतरी फवारा मारला. "पानी मत लगाना. रगड़ना तो बिलकुल मत."

आरशापुढे उभी राहिले. गर्द निळंकाळं पाणी, खांद्यापर्यंत. सुंदर दिसत होता माझा हात. सुंदर! मी कधी हा शब्द त्याच्यासाठी वापरला नव्हता.

घरी आईने पाहिलं. वाटलं आता आकाशपाताळ एक करेल. तिने माझा हात दोन्ही हातांत धरला, उजेडाकडे नेला, उलटसुलट पाहिला. "काहीच दिसून नाही राहिलं," म्हणाली. एवढंच. आणि तिच्या चेहऱ्यावर अशी सुटका! तिची सुटका बघून मी खूश झाले. आता लिहिताना त्याचीच लाज वाटतेय.

१४ फेब्रुवारी

कसं लिहू. लिहूच नये.

चुडा भरायचा होता. आमच्या बैठकीत सतरंजी, चुडीवाली टोपली घेऊन बसलेली, हेमलताकाकू आणि त्यांच्या दोन जावाही आलेल्या. मी मोरपंखी ब्लाउजमध्ये. अहाहा, काय झालं माहितीये? सगळ्या बघत राहिल्या. "अगंबाई, हे काय गोंदवलं!" "पक्कं आहे का गं?" एक जाऊ दुसरीच्या कानात काही बोलली, तोंडाला पदर लावून. निर्लज्ज! मला हवं तेच. करवली आहे मी, चौतीस वर्षांची करवली, आणि पहिल्यांदा मान वर करून बसले होते. काकूंनीच फक्त विचारलं, "ॲलर्जीला त्रास नाही ना होणार, बेटा?"

माझी पाळी आली. चुडीवालीने हात धरला. "हाथ ढीला छोड़ो दीदी, चूड़ी टाइट है." आणि वाटीतलं साबणाचं पाणी घेऊन मनगटापासून कोपरापर्यंत चोळायला लागली.

मी विसरले होते! आयुष्यभर दुसऱ्यांना चुडा भरताना पाहिलं, साबण लावतात हे ठाऊक होतं, पण माझ्या उजव्या हातात मी कधी भरूच दिला नव्हता. दर लग्नात डावाच पुढे करायचे, पूर्ण बाहीच्या कडेशी दोन बांगड्या. हात ओढून घ्यायला हवा होता. नाही ओढला. बसून राहिले. काळं पाणी तिच्या बोटांतून गळायला लागलं, सतरंजीवर, माझ्या साडीवर. आणि खडक वर आले. एकेक.

चुडीवालीचे हात थांबले.

"दूध सांडलं होतं," आई म्हणाली. मोठ्याने. "लहानपणी. उकळतं दूध पडलं हातावर."

काकू हळूच म्हणाल्या, "पण ॲलर्जी..."

"ती पण आहे."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "हो. दूध."

म्हणाले मी. माझ्या तोंडाने. तोंड उघडायची वेळ आली आणि हे बाहेर पडलं. चुडीवालीने फडक्याने माझा हात पुसला, अगदी अलगद, आणि हिरव्या बांगड्या भरल्या. काकूंनी पदराच्या टोकाने साडीवरचा डाग पुसायचा प्रयत्न केला. तो जाणार नाही.

१५ फेब्रुवारी

हळद झाली. मी डोकं दुखतंय सांगून खोलीत. पूर्ण बाहीचं ब्लाउज कपाटातून काढून इस्त्री करून ठेवलंय.

मोनालीला फोन केला. म्हटलं, नर्मदा नको. काही चित्रच नको. सगळा हात काळा भरून टाक, खांद्यापासून मनगटापर्यंत. नुसता काळा.

ती म्हणाली, "काला करवाने से झूठ भी छुप जाएगा क्या?" तिला मी सगळं सांगितलं होतं. मी फोन ठेवला. बरोबर बोलली म्हणून राग आला.

कोडाची लाज काय, सवयीची आहे. पण तो ‘हो’! चिन्मयी उद्या या घरात येणार, आणि तिच्या आईला मी तोंडावर खोटं सांगितलंय. ज्या बाईने माझ्यावर छत्री धरवली.

दुपारी आई ताट घेऊन आली. पलंगाच्या कडेला बसली. मी भिंतीकडे तोंड करून म्हटलं, "तुला काय कळणार? तुझ्या अंगावर असतं तर कळलं असतं." ती ताट तसंच ठेवून गेली.

१६ फेब्रुवारी, लग्न

मंगलाष्टकं झाली. आई खुर्चीवर बसली आणि हेमलताकाकूंना म्हणाली, "विहीणबाई, झारी आणली आहे का? मग धुवा पाय." काकू गोंधळल्या, धावत जाऊन घेऊन आल्या. परात ठेवली. आई वाकली आणि सगळ्यांसमोर तिने मोजे काढले.

घोट्यापर्यंत पांढरे. दोन्ही पाय.

"दूध नव्हतं सांडलं," आई म्हणाली. "हिच्यावर पण नाही आणि माझ्यावर पण नाही. कोड आहे."

काकू खाली बसल्या आणि पाणी ओतलं, नीट, सावकाश, बोटांमधूनही. बाबांनी कोटाच्या खिशातून धुतलेल्या मोज्यांची जोडी काढून पुढे केली. आईने ती घडी परत त्यांच्या खिशात घातली.

मग माझ्याकडे वळली. "बाही वर कर, प्रणू. किती गरम होऊन राहिलंय."